लिंबाएवढं वजन

आमच्या सुमंतचं कौतुक करायला मी बसलेली नाही. कौतुक करणारे आमच्या धारवाडच्या मळमड्डीत पुष्कळ आहेत. मी त्याची थोरली बहीण, मंगला. घरच्या पडवीत बसून ब्लाउज शिवते. लग्न केलं नाही. का केलं नाही ते विचारायला बायका अजून येतात, चहा पिऊन जातात आणि जाताना ब्लाउज ढगळ झाला म्हणून सांगतात. सुमंतचंही झालं नाही. तो लग्नाचे व्हिडिओ काढायचा, आणि दुसऱ्यांची लग्नं काढता काढता त्याचं स्वतःचं राहून गेलं.

हा धंदा त्यानं धरला तेव्हा धारवाडात व्हिडिओवाला म्हणजे नवरदेवाच्या खालोखाल मान. खांद्यावर तो भला मोठा कॅमेरा, मागून एकजण दिवा घेऊन, आणि हा वरातीपुढे उलटा चालत चाललेला. उलटं चालताना तो एकदा एका विहीणबाईंच्या पायावर पडला, एकदा केळीच्या खांबासकट खाली आला. पण कॅमेरा कधी पडू दिला नाही. आणि त्याचं चित्र स्थिर असायचं. हुबळीची माणसं मुद्दाम त्याला बोलवायची ती तेवढ्यासाठी.

आता आमच्या अप्पांबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. अप्पा म्हणजे मुकुंदराव मास्तर. त्यांचं फळ्यावरचं अक्षर पाहायला दुसऱ्या वर्गातले मास्तर यायचे. पन्नाशीच्या आधीच त्यांचा उजवा हात कापायला लागला. डॉक्टर म्हणाले, दुसरा काही आजार नाही, काही घराण्यांत असतं हे. घराण्यात असतं म्हणजे औषध नसतं, एवढं आम्हाला कळलं. खडू फळ्यावर टकटक वाजायचा, अक्षर वेडंवाकडं व्हायचं. एक दिवस मागच्या बाकावरून कुणीतरी बाकावर तशीच टकटक केली आणि अख्खा वर्ग हसला. अप्पांनी त्या वर्षीच नोकरी सोडली. त्यानंतर ते चारचौघांत चहा प्यायले नाहीत. आई त्यांना आतल्या खोलीत चहा नेऊन द्यायची आणि ते दाराकडे पाठ करून प्यायचे. बाहेर पाहुणे बसलेले असले की आतून कपबशीचा आवाज यायचा आणि आम्ही सगळे मोठ्यानं बोलायला लागायचो.

सुमंतचा हात मी पहिल्यांदा पाहिला तो सुईत दोरा ओवताना. माझा चष्मा फुटला होता म्हणून त्याला बसवलं. दोरा सुईच्या भोवती नाचत राहिला.   सुई खाली ठेवून तो उठला आणि बाहेर जाऊन स्कूटर पुसत बसला, ती सकाळीच पुसून झालेली होती. आमच्या घरात जे सगळ्यांना ठाऊक असतं त्यावर कुणी बोलत नाही, ही आमची जुनी खोड.

नोकरीतल्या माणसाचा हात कापला तर सही वाकडी येते. कॅमेरावाल्याचा कापला तर त्याचं दुकान बंद होतं. सुमंतला दुसरं काही येत नव्हतं आणि दुसरं काही करायचंही नव्हतं. मोठ्या कॅमेऱ्याचं वजन खांद्यावर होतं तोवर निभावलं. पुढे नवीन कॅमेरे आले, हलके, हातात धरायचे, आणि गिऱ्हाइकांना तेच हवे. हलकी वस्तू थरथर लपवत नाही. काढलेली कॅसेट तो घरी लावून बघायचा आणि मधेच बंद करून टाकायचा.

अशात साधनकेरीच्या तळ्याकाठी कुठलीशी सिनेमावाली मंडळी शूटिंगला आली. गाव लोटलं नायिका पाहायला. आमचा हा पाहत बसला कॅमेरावाल्याला. तो माणूस पायऱ्यांवरून धावत उतरला, म्हणे, आणि कॅमेरा पाण्यावरून सरकल्यासारखा आला. अंगात जाकीट, जाकिटाला स्प्रिंगचा हात, त्या हाताला एक उभी दांडी. दांडीच्या वर कॅमेरा आणि खाली छोटा टीव्ही. डोळा कॅमेऱ्याला लावायचाच नाही, खालच्या टीव्हीत बघून चालायचं. सुमंत घरी आला तो जेवलाच नाही. माझ्या कापडाच्या खडूनं त्यानं पडवीच्या फरशीवर तो सांगाडा काढून दाखवला. रेघा थरथरलेल्या होत्या, पण कळत होतं.

तसला सांगाडा विकत घेणं आमच्या सात पिढ्यांना जमलं नसतं. मग स्वारी हुबळीच्या कमरीपेठेत महादेवकडे. महादेव लेथवर काम करायचा. सुमंतचं बोलणं त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “आगतैत्री अण्णा.” म्हणजे होईल. महादेव सगळ्यालाच असं म्हणतो. झालं मात्र पुष्कळ दिवसांनी. ॲल्युमिनियमची पोकळ दांडी, तिच्या गळ्याशी चारी बाजूंना फिरणारं बेअरिंग, त्या बेअरिंगला धरायची मूठ, आणि ते सगळं जाकिटाला अडकवणारा स्प्रिंगचा हात. मूठ कितीही हलली तरी हालचाल बेअरिंगपाशी थांबावी, दांडीपर्यंत पोचू नये, अशी सगळी युक्ती. जाकीट मी शिवलं, जाड कॅनव्हासचं, दुहेरी शिलाईचं. दोन सुया मोडल्या. ते ढगळ झालं असं मात्र कुणी म्हणालं नाही.

खरी रडकथा टीव्हीची. बाजारात तेव्हा लहान काळे-पांढरे टीव्ही मिळायचे, ट्रकवाले केबिनमध्ये ठेवायचे तसले. तो दांडीच्या खालच्या टोकाला पुढे, आणि त्याला तोलायला मागे बॅटरी. सुमंतला वाटलं, जितकं हलकं तितकं बरं. म्हणून त्यानं टीव्हीचं कवच काढलं, उचलायची कडी काढली, होतं नव्हतं ते सोललं. बिचारा टीव्ही उघडा पडला आणि कॅमेरा वरून असा डोलायला लागला की पाहणाऱ्याला मळमळावं. पुढे त्याचं त्यालाच उमगलं. खालचं वजन शत्रू नव्हतंच. त्या वजनामुळेच तर दांडी शांत उभी राहायची. कवच परत चढलं.

मग रोज संध्याकाळी पडवीत एकच खेळ. दांडी आडवी धरायची आणि सोडून द्यायची. ती धाडकन उभी झाली तर खाली वजन जास्त, मग चालताना घड्याळाच्या लंबकासारखी हलणार. आडवीच रेंगाळली तर वर जास्त. बाळाला मांडीवरून उठवून बसवावं इतक्या बेतानं ती उभी राहायला हवी. टीव्ही केसभर पुढे, बॅटरी केसभर मागे, पुन्हा आडवी, पुन्हा सोड. मी म्हटलं, इतक्यात माणसानं तप केलं असतं तर देव आला असता. तो म्हणाला, देव नको, टीव्ही जागेवर आला तरी पुरे.

आला एकदाचा. त्या मोसमात त्यानं लग्नं काढली ती बघून लोक विचारायला लागले, गाडीवरून काढलं का? हात कापत होताच. पण कापरं मुठीत राहायचं आणि चित्र निवांत पुढे जायचं. घरी कॅसेट लावून तो ती शेवटपर्यंत बघायला लागला. मला बरं वाटलं. फार बरं वाटलं, आता सांगायला काय हरकत आहे.

एकच अडचण उरली. धारवाड-हुबळी स्कूटरच्या धक्क्यांनी नट ढिले व्हायचे, आणि बारीक नट पुन्हा बसवताना त्याची बोटं दगा द्यायची. म्हणून त्यानं ठरवलं, एकदा तोल पक्का साधायचा आणि सगळं वेल्डिंगनं कायमचं झाळून टाकायचं. मुहूर्त धरला दसऱ्याचा. आदल्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी घरातलं प्रत्येक हत्यार धुऊन पुजतात आणि त्याला सुट्टी देतात. माझं शिलाई मशीन, आईची विळी, स्कूटर, सगळी पूजेला. सुमंतचा सांगाडाही बसला. हेमावतीबाईंनी, म्हणजे आमच्या आईनं, त्याला हळदकुंकू लावलं आणि टीव्हीच्या डाव्या अंगाला हळदीच्या दोऱ्यानं एक लिंबू बांधलं. चांगलं टपोरं, रसरशीत. लॉरीला बांधतात तसं. शिवाय ताकीद दिली की हे काढायचं नाही, आपोआप गळून पडेल तेव्हा पडेल. दसऱ्याला सुमंतनं लिंबासकट तोल साधला आणि महादेवनं सगळे सांधे झाळून टाकले. एकालाही त्यात काही वावगं दिसलं नाही. मलासुद्धा नाही.

तुळशीचं लग्न झालं आणि माणसांची सुरू झाली. पहिल्या लग्नात चित्र जरासं कललं. सुमंतला वाटलं, जमीन उतरती असेल. पुढच्यात आणखी कललं. तो बोटांनी दांडी दाबून सरळ करायला बघायचा, आणि दांडी घट्ट धरली की हाताचं कापरं थेट चित्रात. मग आला हुबळीच्या दाजीबानपेठेतल्या कापडाच्या व्यापाऱ्याच्या, विठ्ठलरावांच्या, मुलीचा विवाह. त्या कॅसेटमध्ये अंतरपाट तिरका, भटजी तिरके, नवरानवरी एका कुशीवर कललेली, आणि अक्षता पडतात तेव्हा सगळा मांडव हिवताप भरल्यासारखा थरथरतोय. विठ्ठलराव सभ्य गृहस्थ. त्यांनी पैसे दिले, कॅसेट दिली परत, आणि फक्त सांगितलं की सुमंतनं आता दुसरं काही बघावं. त्यांचा भाऊ तेवढा सभ्य नव्हता. तो दुकानभर ऐकू जाईल असं बोलला, नाचता येईना अंगण वाकडं.

सुमंत घरी आला, सांगाडा पडवीच्या खुंटीला टांगला आणि माझ्या मशीनपाशी येऊन बसला.

“अक्का, हात गेला माझा,” तो म्हणाला. “अप्पांचाच हात आहे. यंत्राला तरी किती लपवता येणार?”

आतल्या खोलीत कपबशी वाजत होती. ती मधेच थांबली.

मी चिडले. दुसरं काय करणार? म्हटलं, अप्पांनी एका पोराच्या टकटकीवर आयुष्य सोडून दिलं, तू एका कापडवाल्याच्या म्हणीवर सोड. घराण्यात तेही असतं वाटतं.  एका नातलगाच्या दुकानात गल्ल्यावर बसायचं त्यानं ठरवून टाकलं होतं. सांगाडा महादेवकडे मोडीत जायचा होता, दुसऱ्या दिवशी सकाळी.

आता कुंकू लावलेली वस्तू कुणी तशीच मोडीत घालत नाही. पूजेचं जे असेल ते काढून झाडाच्या बुंध्याशी ठेवायचं, अशी रीत आहे. सकाळी तो स्कूटर काढत होता, म्हणून मी कात्री घेतली आणि कुंकू पुसून तो हळदीचा दोरा कापला. लिंबू तळहातावर पडलं. पडलं म्हणजे काय, पडल्याचं कळलंच नाही. वाळून सुपारीएवढं झालं होतं, काळं, आणि पोकळ. वजन काही नव्हतंच त्याला. मी ते बुंध्याशी ठेवायला पायरी उतरले आणि तिथंच उभी राहिले. मी ब्लाउज शिवते. एका बाजूची शिवण जरा जास्त धरली गेली तर गळा कुठं ओढतो, ते मला ठाऊक आहे.

आत गेले, टोपलीतलं त्यातल्या त्यात टपोरं लिंबू घेतलं, साध्या दोऱ्यानं त्याच जागी बांधलं. आणि सुमंतला हाक मारली. म्हटलं, जाकीट घाल. तो म्हणाला, कशाला आता. मी म्हटलं, थोरल्या बहिणीला कशाला म्हणून विचारत नसतात.

त्यानं जाकीट घातलं, सांगाडा अडकवला. मी दांडी आडवी करायला लावली आणि सोडायला लावली. बाळाला मांडीवरून उठवून बसवावं तशी ती उभी राहिली, आणि राहिली. खालच्या टीव्हीत तुळशीवृंदावन सरळ उभं होतं. सुमंतनं लिंबाकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या त्या सुपारीएवढ्या वाळक्या लिंबाकडे. त्याला कळायला वेळ लागला नाही. आमचं अंगण खरोखरच वाकडं होतं. तो खाली बसायला गेला, पण जाकिटात माणसाला बसता येत नाही, म्हणून उभ्या उभ्याच हसायला लागला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला.

तेवढ्यात आतल्या खोलीच्या दारात अप्पा दिसले. त्यांनी कालचं ऐकलं होतं, आजचंही ऐकलं होतं. हात धोतराच्या सोग्यात धरलेला, नेहमीसारखा. ते सुमंतपाशी आले आणि त्या मुठीकडे बघत राहिले.

“मला धरता येईल?” त्यांनी विचारलं.

सुमंतनं स्वतःची बोटं काढून घेतली. वजन त्याच्या जाकिटावरच होतं. अप्पांनी सोग्यातून हात बाहेर काढला. कित्येक वर्षांत मी तो उघड्यावर धड पाहिला नव्हता. हात मुठीवर पडला आणि मूठ कापायला लागली, चांगली लटलट कापली. सुमंत हळूहळू वळला, अप्पा त्याच्याबरोबर वळले. टीव्हीत आधी तुळस आली, मग माझं मशीन, मग स्वयंपाकघराचं दार. दारात आई चहाचा कप घेऊन उभी होती. तीही स्तब्ध आणि चित्रही स्तब्ध.

अप्पा बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, “हलत नाही.”

मला रडू आलं. मला रडू आलेलं मला आवडत नाही, म्हणून मी लिंबाला आणखी एक गाठ मारली. सुमंतनं पुढे त्या जागी महादेवकडून लोखंडाचा तुकडा पक्का बसवून घेतला आणि त्याच सांगाड्यावर त्यानं पुढची कितीतरी लग्नं काढली. आई दर खंडेनवमीला लिंबू बांधायची, पण जाकिटाला. पण त्या सकाळचं सांगायचं तर, आई सवयीनं कप घेऊन आतल्या खोलीकडे निघाली आणि अप्पांनी तिला थांबवलं. ते पडवीत, माझ्या मशीनशेजारच्या खुर्चीवर बसले, रस्त्याकडे तोंड करून, आणि त्यांनी कप मागून घेतला. तो वाजला. बशीत सांडला, धोतरावर सांडला. समोरून शेजारच्या सरस्वतीबाई चालल्या होत्या, त्यांनी थांबून नमस्कार केला. अप्पांनी मान हलवली आणि उरलेला चहा बशीतून पिऊन संपवला.