वाडग्यातला उजेड

डोळं मिटलं की काळोख व्हायला पायजे ना? माझ्या डोळ्यांत नाय होत. पांढराफटक उजेड दिसतो, मिठाचा. मिठागरात पानी सुकाय लागलं की सगळी जमीन दुधासारखी पांढरी व्हायाची, आनि ऊन त्या मिठावर आपटून खालनं परत तोंडावर यायाचं. वरच्या उनाला पदर घेता येतो. खालनं येनाऱ्या उजेडाला काय आडवं धरशील गो? सगळी उमर तिथं राबत मी तो उजेड खाल्ला. आता समोरच्या मानसाचं तोंड मला सावलीएवढंच कळतं. रडगानं नाय सांगत. मीठ लोकांच्या ताटात गेलं, उजेड माझ्या डोळ्यांत गेला, इतकंच.

तवा आमी बायका एक करायचो. तव्याची काजळी खोबरेल तेलात कालवायची आनि डोळ्यांखाली फासायची. पान्याच्या डब्याला, खोपीच्या पत्र्याला, जे चमकंल त्याला काळं करायचं. चमक मारली की डोळा वाचतो. ही खोड हाताला लागली ती लागलीच.

माझा लेक गेल्यापास्नं घर माझी सून रेश्मा चालवते. कासूच्या स्टेशनात गाडी धरते, रोह्याला कंपनीत जाते. तिकडं लोखंडाची पिठासारखी पूड पसरतात, तिच्यावर लेझरचा उजेड मारतात, पूड वितळते, आनि थरावर थर बसून यंत्राचा भाग तयार होतो. छपाईच म्हनतात त्याला. मी इचारलं, "मग सगळा उजेड पुडीत मुरतो का गो?"

"नाय आई, बराचसा उसळून वाया जातो. तोच परत पुडीवर टाकायचा म्हनून तांब्याचा वाडगा केलाय, आतनं आरशासारखा. पुडीवर पालथा घालायचा, मदल्या भोकातनं लेझर सोडायचा. उसळलेला उजेड वाडग्याला लागून परत खाली."

धातूवरनं उसळलेल्या उजेडाची एवढी काळजी करनारी मानसं हायत, आनि मिठावरनं उसळलेल्या उजेडाचं आमच्यापाशी कोनी कदी नाव तरी काढलं होतं का?

वाडगा जमला तर कमी विजेत काम व्हनार, मशीन रोह्यात राहनार. नाय जमला तर साहेब ती पुन्याला हलवनार आनि रेश्मा घरी बसनार. पेणला दागिने चमकवनारा एक कारागीर हाय, त्याच्याकडनं तिनं वाडगा चकचकीत करून आनला, सकाळी न्यायचा म्हनून फडक्यात बांधला, आनि पान्याला गेली.

फडक्याची गाठ सैल होती. दारातनं तिरपं ऊन आलं आनि त्या वाडग्यानं ते उचलून माझ्या डोळ्यांत फेकलं. हे रोज माझ्या रेश्माच्या तोंडासमोर? मी उठले, काजळी तेलात कालवली आनि वाडगा आतनं पुरता काळा केला. चांगलं केलं असंच वाटलं मला.

"आई! ह्ये काय केलंत?"

"तुजं डोळं वाचवलं गो."

"अवो, मशीन बंद पेटीत असते! जाड काच हाय तिला, आमी भायेर!" आनि ती मटकन खाली बसली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी रिठे भिजवले, सोनार दागिने धुतात तसे. जुन्या लुगड्याच्या चिंध्या घेऊन दोघी पुसत राहिलो.

"घासू नका आई, चरे पडतील."

"मिठानं खाल्लेलं हात हायत माजं, घासायला जोर कुठला?"

ती रडता रडता हसली.

दुसऱ्या दिवशी आली ती न जेवताच आडवी झाली. हळूहळू बोलली. छपाई झाली, पन एका बाजूची पूड कच्चीच राहिली. वाडग्यात तेलाचा डाग राहिला होता, भाजून पक्का झालेला, अंगठ्याएवढा. साहेबानं इचारलं कोनाचा हात लागला, तर ही बोलली, "माझाच." मशीन हलवायचं ठरलं.

माझ्या चुकीचं वजं तिनं उचलायचं? सकाळी मी तिच्या मागनं गाडीत चढले.

"आई, कुठं?"

"रोह्याला."

साहेबाचं तोंड मला दिसलं नाय, बरंच झालं. मी बोलले, "साहेब, तो अंगठा माझा हाय. हिनं खोटं सांगितलं. वाडगा चुकला नाय, मी चुकले." मीठ, काजळी, सगळं सांगितलं. साहेब बोलले, "रेश्मा, बाकीच्या बाजू?"

"पक्क्या शिजल्यात साहेब. कमी विजेत."

"मग आजच पेणला जा. परत पॉलिश करून आन. एकदा अजून लावू."

एकदा. जमंल का नाय, मला ठाव नाय. आमी पेणला जानाऱ्या गाडीत बसलो, वाडगा तिच्या मांडीवर. नागोठणं मागं पडलं तवा ती बोलली, "आई, तो डाग किती खोल गेलाय ते बगू का? पन उघडला तर ऊन येईल तुमच्या अंगावर."

"उघड," मी बोलले.

फडकं सुटलं. सगळा उजेड माझ्या तोंडावर आला, गरम, पांढरा. मी डोळं मिटलं नाय, आनि तोंडबी फिरवलं नाय.