तात्या कंपौंडरांची साक्ष

कल्याण गावात एक द्रष्टा पुरुष होऊन गेला, हे मी पूर्ण विचारान्ती लिहितो आहे. सृष्टीचं एक मोठं गुपित त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं आणि मागेल त्याला दाखवलंही होतं. तो सरकारी दवाखान्यात कंपौंडर होता. गावातल्या जुन्या माणसांना तो अजून आठवतो, पण एरंडेल पाजणारा म्हणून.

त्यांना सगळे तात्या म्हणत. भर दुपारी, गाढवंसुद्धा भिंतीच्या कडेला सरकत तेव्हा, तात्या डोक्याला पंचा गुंडाळून दवाखान्याच्या अंगणात जास्वंदीसमोर उभे असत. नव्या रोग्यांना वाटे, काही नवस असेल. मी मामलेदार कचेरीत कारकून म्हणून रुजू झालो आणि दवाखान्याशेजारी खोली घेतली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांना विचारलं, "तात्या, एवढ्या उन्हात काय करता?" ओठांवर बोट ठेवून ते म्हणाले, "हळू. आत रांधणं चाललंय."

बदलून गेलेल्या एका गोऱ्या डॉक्टरने मागे टाकलेलं वनस्पतींवरचं एक इंग्रजी पुस्तक तात्यांना सापडलं होतं. कोश शेजारी ठेवून ते त्यांनी सहा वर्षांत वाचलं. शेवटचा भाग वाळवीने नेला होता, त्यामुळे तात्यांचं ज्ञान अपुरं होतं. श्रद्धा मात्र पूर्ण होती. पुस्तकात लिहिलेलं ते खरं मानत नसत. करून पाहत, आणि मग खरं मानत. अशी माणसं तेव्हाही थोडीच होती, आणि त्यांतली कचेरीत एकही नव्हती.

त्यांच्या खिडकीत काचेची एक बरणी असे. तिच्यात पाणी आणि तळ्यातल्या शेवाळाचा झुबका. ऊन आलं की त्यातून बारीक बुडबुडे निघत आणि मोत्यांची सर ओढल्यासारखे वर चढत. तात्यांनी मला त्यावर पंचा टाकायला सांगितलं. थोड्या वेळाने आत डोकावलो तर सर तुटलेली. पंचा काढला, सर पुन्हा सुरू.

"काय केलंत तुम्ही?" तात्यांनी विचारलं.

"सावली केली."

"छे. ऊन काढून घेतलंत. चूल विझली."

मग त्यांनी समजावलं. झाड मुळांनी पाणी ओढतं. आपण श्वासातून जे टाकाऊ सोडतो ते पानांनी हवेतून उचलतं. उन्हाच्या जोरावर या दोहोंचं पानात पीठ होतं, आणि त्यावर झाड वाढतं. या स्वयंपाकात जो वायू उरतो तो ते सोडून देतं. "त्यावर आपण जगतो," तात्या म्हणाले. "म्हणजे त्यांचं उष्टं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाडीकडे फिरायला गेलो. काठाने करंज, उंबर, चिंचा उभ्या होत्या. रोज असत. पण त्या सकाळी मला हजारो चुली पेटलेल्या दिसल्या. धूर नाही, फुंकणी नाही, भांड्याला भांडं लागल्याचा आवाज नाही. आणि या बिनआवाजाच्या मुदपाकखान्यावर हत्तीपासून मामलेदारापर्यंत सगळे पोसले जात होते. देवळात मला जे कधी झालं नव्हतं ते त्या करंजाखाली झालं. मी हात जोडले. आधी आजूबाजूला कुणी नाही याची खात्री करून घेतली होती.

तिन्हीसांजेला पान तोडू नये, झाड झोपतं, असं आपल्याकडे म्हणतात. तात्या नेमकं दिवेलागणीला एक पान तोडत आणि एक पहाटे. माझ्या घरमालकीणबाई ओरडत, "तात्या, पाप लागेल!" तात्या दोन्ही पानं गरम स्पिरिटात टाकून त्यांचा हिरवा रंग काढत आणि वर टिंचर आयोडीन सोडत. पीठ असेल तिथे टिंचर निळंकाळं होतं. संध्याकाळचं पान काळंभोर होई. पहाटेचं फिकंच राही. "वहिनी, झोपत नाही हो," तात्या सांगत. "दिवसभर रांधलेलं रात्री घरभर वाढतं. तुमचं म्हणणं मात्र खरं. वाढायच्या आधी ताट ओढू नये." यावर बाईंना जिंकल्याचं समाधान मिळे आणि तात्यांना पान.

ठाकुर्लीची बायजी रोज सकाळी भाजीची पाटी घेऊन कल्याणात येई. तिचा नवरा तात्यांच्या हातचं औषध घेत दवाखान्यातच वारला होता. त्याने लावलेला रायवळ आंबा तिच्या शेताच्या बांधावर उभा होता. त्या आंब्यावर तिचं निम्मं वर्ष निघे. दर वैशाखात आंब्यांची पहिली पाटी तात्यांकडे येई. "धन्यानं सांगलेलं हाय," ती म्हणे. नवऱ्याने तसं सांगितलं होतं की नाही, हे तात्यांनी कधी विचारलं नाही.

बांधापलीकडचं शेत कल्याणच्या दादासाहेबांचं. दादासाहेब दारातून दारात जातानाही डोक्यावर छत्री धरायला गडी ठेवत. एका सालची कापणी झाल्यावर त्यांनी आंब्याच्या सावलीतल्याच पट्टीसाठी फिर्याद लावली. प्रतिवादी बाईचं झाड वादीच्या शेतातली माती खातं, सबब बांधालगतचं भात खुरटतं, सबब झाड तोडावं. त्यांच्या वकिलांनी बिनतोड सवाल केला: एवढं मोठं झाड कशाचं झालं? मातीचंच ना? मग ती माती कुणाची? कचेरीत सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली, सवयीने.

बायजी धावत दवाखान्यात आली. "तात्या, माजा झार वाचंल का?"

"झाड माती खात नाही," तात्या म्हणाले. "मी दाखवीन."

असा साक्षीदार कचेरीला नवा होता. तात्यांनी कुंडीतली जास्वंद आणली आणि पानातलं जुनं पीठ संपावं म्हणून दोन दिवस आमच्या दप्तरखान्यात कोंडली. तिसऱ्या दिवशी सकाळी मामलेदारांनी स्वतःच्या हाताने काळ्या कागदात एक अक्षर कापून खिडकी केली. त्यांनी स्वतःच्या नावाचं पहिलं अक्षर निवडलं, यात कुणाला आश्चर्य वाटलं नाही. तो कागद पानावर बसवला, खालूनही कागद लावला, कडांना लाख लावून शिक्का मारला आणि कुंडी उन्हात ठेवून शिपाई पहाऱ्यावर बसवला. जास्वंदीच्या इतिहासात असा मान दुसऱ्या कुणाला मिळाला नसेल.

तिसऱ्या प्रहरी पान तोडलं. कचेरीत विलायतेच्या राणीसाहेबांच्या तसबिरीखाली शेगडी पेटली. आधी उकळतं पाणी. मग गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्यातलं स्पिरिट. हिरवा रंग उतरला आणि कांद्याच्या पापुद्र्यासारखं फिकं पान उरलं. तात्यांनी ते बशीत पसरलं आणि टिंचर ओतलं. क्षणभर काहीच झालं नाही. मग फिकटातून ते अक्षर निळंकाळं उमटत वर आलं, जणू आतून कुणी बोरूने लिहीत होतं.

शिपायाने पायताण काढलं. दादासाहेब खुर्चीतून अर्धे उठले. मला इतकंच आठवतं की माझी लेखणी कोरडी पडली होती.

"मूळ तेच, माती तीच, पाणी तेच," तात्या म्हणाले. "जिथे ऊन पोचलं तिथेच पीठ झालं. झाड मातीवर नाही, उन्हावर रांधतं."

वकील जागचे हलले. "ही जास्वंद आहे. दावा आंब्याचा आहे."

"चुली निराळ्या, विस्तव एकच."

"ठीक." वकिलांनी चष्मा पुसला. ते मूर्ख नव्हते. हे दादासाहेबांचं भाग्य. "भातही उन्हावरच रांधतं?"

"हो."

"आंबा पूर्वेच्या बांधावर आहे. सकाळचं ऊन तो घेतो. नसता, तर ते ऊन कुणाला मिळालं असतं?"

तात्यांनी बशीतल्या पानाकडे पाहिलं. बायजी त्यांच्याकडे बघत होती. मामलेदार म्हणाले, "तात्या, आपण शपथेवर आहात."

"भाताला," तात्या म्हणाले.

"आणि भात कुणाचं?"

"दादासाहेबांचं."

निकाल मी माझ्या हाताने लिहिला. माती खाल्ल्याचा आरोप शाबीत नाही. ऊन अडवल्याचं प्रतिवादीच्याच साक्षीदाराने कबूल केलं, सबब बांधापलीकडच्या फांद्या उतरवाव्यात. निम्मं झाड गेलं.

कचेरीच्या पायऱ्यांवर बायजी म्हणाली, "मीच आनलेला साक्षीदार, न माजाच झार कापला! एक सबूद खोटा बोलला असतास तं काय झाला असता?"

"झाड वाचलं असतं," तात्या म्हणाले.

"मग?"

याचं उत्तर पुस्तकाच्या त्या वाळवीने नेलेल्या भागातही नसावं. फांद्या उतरवल्या त्या दिवशी ते दिवसभर ठाकुर्लीला उन्हात उभे होते. प्रत्येक जखमेवर त्यांनी स्वतः शेणमाती लिंपली. बायजी झोपडीतून बाहेर आली नाही. त्यानंतर भाजीची पाटी दवाखान्यापुढून जाई, पण थांबत नसे. तात्या दुपारी जास्वंदीसमोर उभे राहत. पण आता कुणी विचारलं तर "काही नाही" म्हणत.

वैशाखात त्यांची बदली रत्नागिरीकडे झाली. सामान बांधून ते पायरीवर बसले होते. बायजी आली, पाटी उतरवली आणि म्हणाली, "अर्ध्या झाराचं हायत. अर्धीच पाटी आनली." तात्यांनी आंबे मोजले नाहीत. एक उचलून उन्हात धरला. मग म्हणाले, "बायजी, हे सगळं ऊन आहे."

"मना म्हाईत हाय," बायजी म्हणाली. "तूच सांगलास ना कचेरीत. खा."

तिथेच पायरीवर बसून त्यांनी तो खाल्ला. पुन्हा ते कल्याणला आले नाहीत. दोन वर्षांनी तिकडेच वारल्याचं मागाहून कळलं. मी अजून झाडाच्या सावलीत बसण्याआधी वर बघतो. चाललेल्या स्वयंपाकात पाय घालू नये म्हणून.

तात्यांची बदली झाली त्याच वर्षी आश्विनात पीकपाहणीसाठी मी ठाकुर्लीच्या त्या बांधावर उभा होतो. दादासाहेबांच्या पट्टीतलं, आधी खुरटणारं भात कमरेएवढं आलं होतं. मी रकान्यात 'पीक उत्तम' असं लिहिलं.