कान आणि लूम

लूमच्या कारखान्यात किस्से फार साठतात. कारण सोपं आहे, मागांच्या खडखडाटात सांगितलेलं समोरच्याला अर्धंच ऐकू येतं, म्हणून तोच किस्सा दोनदा सांगावा लागतो! टेमघरच्या आमच्या कारखान्यात मी सुपरवायझर. लूम दुरुस्त करणारा रामदास गणेशपुरीकडचा, आणि सगळ्यात जुने कारीगर अन्सारीभाई. आमची चहाची कंपनी एवढीच.

माझी मुलगी रूपाली शाळेत विज्ञान शिकवते. तिने ऐकवलेलं मी चहाच्या वेळी खपवतो.

* * *

एकदा सुताच्या गोणीमागे धामण निघाली. अन्सारीभाई लांबून जोरजोरात ओरडून तिला हाकलत होते. मी म्हणालो, "भाई, सापाला बाहेर कान नसतात. जमिनीची थरथर जबड्यातून कळते त्याला."

"मग इसको हाकलायचं कशाला," अन्सारीभाई म्हणाले. "ये तो आपल्यातलाच पुराना कारीगर आहे."

* * *

मास्कच्या दिवसांत आमचा कारखाना मुका झाला. लूम चालू असताना आम्ही एकमेकांचे ओठ वाचतो, आणि ओठच झाकलेले! शेठने मला सगळ्यांवर लक्ष ठेवायला सांगितलं होतं. रामदासचा मास्क हनुवटीवर दिसला, मी तावातावाने गेलो आणि त्याला कळावं म्हणून माझा मास्क खाली ओढून म्हणालो, "मास्क वर घे."

* * *

अन्सारीभाई सुट्टीत गावी गेले की त्यांना झोप लागत नाही, शांतता फार. एका दुपारी त्यांचा फोन आला, "पाटील, फोन जरा लूमके पास ठेवा." ठेवला. दहा मिनिटांनी कानाला लावला, तर पलीकडून घोरणं!

* * *

मग रूपालीने सांगितलं, की कानाच्या आत केसांसारख्या बारीक पेशी असतात. गोंगाटाने मेल्या की परत येत नाहीत. तेही मी चहाला खपवलं.

रामदासने टकलावरून हात फिरवला. "म्हंजे मी आतून पन टकला हाय?"

सगळे हसले. मला हसू आलं नाही. घरातला टीव्ही माझ्यामुळे किती मोठ्याने लावावा लागतो ते मला माहीत होतं. भीती वाटत होती, आणि त्या भीतीपायी कानाची तपासणी मी तीनदा पुढे ढकलली होती.

* * *

गेल्या शनिवारी दुपारी रूपाली स्वतःच मला तपासणीला न्यायला आली. नेमकी लाइट गेली आणि सगळे लूम थांबले. मी आणि रामदास दाराशी आंब्याखाली बसलो होतो. त्या शांततेत किर्रर्र असा बारीक, सलग आवाज येत होता. माझा जीव भांड्यात पडला.

"बघ," मी रूपालीला म्हणालो, "इतका बारीक आवाज येतोय मला. कशाला तपासणी?"

"मला पन येतोय की," रामदास म्हणाला. "रातकिडा हाय."

"दिवसा कसला रातकिडा? झाडावरचा किडा आहे तो. त्यातला नर ओरडताना स्वतःचे कान मिटून घेतो, बहिरा होऊ नये म्हणून. हिनेच सांगितलंय."

"शाना हाय. पन वरच्या फांदीवर हाय तो."

"खालच्या."

"वरच्या. नीट आयका."

रूपालीने झाडाकडे पाहिलं, मग आम्हा दोघांकडे. बराच वेळ ती कान देऊन उभी राहिली.

"बाबा," ती म्हणाली, "मला तर काहीच ऐकू येत नाहीये."