मरीच्या वावरातल्या सुरगाठी

नानासाहेबांना गेल्या वर्षीच साठ वर्षे पूर्ण झाली. युद्धापायी कागद मिळेना म्हणून हा गौरवग्रंथ रखडला आणि तो छापखान्यात जाईपर्यंत ते एकसष्ट वर्षांचे होऊन बसले. संपादक मंडळाला याची चुटपुट लागली आहे. मला मात्र हा उशीर पथ्यावर पडला, कारण मला जे लिहायचे आहे ते लिहायला धीर लागतो आणि तो गोळा करायला मला एक वर्ष जास्तीचे मिळाले.

श्री. विश्रामराव देवरे, म्हणजे आपणा सर्वांचे नानासाहेब, यांच्याशी माझी पहिली ओळख झाली तीच माझ्या चुकीने. जळगावाबाहेरच्या सरकारी फार्मवर ते कापसाचे नवे बियाणे तयार करण्याचे काम पाहत असत आणि मी त्यांचा मदतनीस म्हणून जामनेरहून बदलून आलो होतो. साहेब यायच्या आत काहीतरी करून दाखवावे, या हौसेने मी पहिल्याच सकाळी एका वावरातली वाळून गेलेली पऱ्हाटीची, म्हणजे कापसाची, झाडे उपटली आणि बांधाबाहेर फेकून दिली. नानासाहेब आले. त्यांनी कोट काढून बांधावर ठेवला, मी फेकलेली झाडे एकेक करून वेचून आणली आणि कुदळ घेऊन ती परत त्याच मातीत गाडायला लागले. मी नुसता बघत उभा राहिलो.

"भास्करराव," ते म्हणाले, "या वावरात आपल्याला रोग जगवायचाय. तो जगला तरच त्याला पुरून उरणारं झाड सापडेल."

ज्यांना शेतीची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगतो. कापसाला मर नावाचा रोग लागतो. तो मातीत राहतो आणि मुळातून झाडात शिरतो. काल हिरवेगार असलेले झाड आज माना टाकते आणि आठवडाभरात त्याची काडी होते. धरणगावाकडच्या कित्येक वावरांत तेव्हा कापूस घेणे लोकांनी सोडून दिले होते. औषध काही नव्हते. नानासाहेबांचे म्हणणे असे की औषध शोधत बसण्यापेक्षा मरच्या मातीतही जे झाड उभे राहते ते शोधावे आणि त्याचे बी वाढवावे. म्हणून त्यांनी फार्ममधला सर्वांत वाईट तुकडा मागून घेतला होता. बाकीचे साहेब काळ्याभोर जमिनीसाठी भांडत आणि हे गृहस्थ रोगट जमिनीसाठी अर्ज करत. त्यांच्याविषयी कचेरीत काय काय बोलले जाई, ते या ग्रंथात लिहिण्यासारखे नाही.

आसपासच्या गावांतून वेचणीला बाया येत. त्यांची मुकादम तानी अक्का. तिने 'मर' हा शब्द ऐकला आणि तिच्या मनाने त्याचा मरी केला, म्हणजे पटकीची देवी मरीआई. तेव्हापासून त्या तुकड्याला सगळ्या बाया मरीचे वावर म्हणू लागल्या. तिथे शिरताना चपला बाहेर काढत. नानासाहेबांनी त्यांना एकदा नीट समजावून सांगितले, अक्काने मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चपला बाहेर.

सहा हंगाम गेले. त्या वावरात झाडे जगत, पण जी जगत त्यांचा धागा आखूड आणि खरबरीत निघे. बाजारात त्याला कोणी विचारणार नाही. ज्यांचा धागा लांब ती मरून जात. एका वर्षी चांगले दिसणारे एक वाण नानासाहेबांनी पुढच्या हंगामात पुन्हा लावून पाहिले आणि ते निम्मे मेले. अहवालात ही गोष्ट मोघम लिहावी, असे मी सुचवले. त्यांनी मला वावरात नेले आणि मेलेली झाडे मोजायला लावली. मी मोजली, तेवढीच अहवालात गेली. सातव्या हंगामाच्या सुरुवातीला वरचे साहेब आले आणि यंदा काही निघाले नाही तर हा तुकडा बंद करू, असे सांगून गेले. शेतकऱ्यांचे त्याने काही बिघडणार नव्हते, असे त्यांना वाटत होते. नानासाहेब त्यांना सोडायला फाटकापर्यंत गेले आणि तिथून थेट वावरात परतले.

त्या हंगामात पहिल्या वेचणीला नऊ झाडे सापडली. झाडे हिरवी होती आणि धागाही लांब होता. नानासाहेबांनी प्रत्येक झाडाची सरकी वेगळी काढून रुई काळ्या कापडावर विंचरून पाहिली. त्या दिवशी त्यांनी दोनदा चहा मागवला, यावरून आम्ही काय ते ओळखले. पहिल्या वेचणीची सरकी पोचट निघाली, म्हणून दुसऱ्या वेचणीचे बी याच नऊ झाडांवरून वेगळे ठेवायचे होते आणि तेच पुढच्या चाचणीला जायचे होते. पत्र्याचे बिल्ले अजून आले नव्हते, म्हणून त्यांनी स्वतः प्रत्येक झाडाच्या बुंध्याला लाल दोरा बांधला. कोणते झाड कितव्या ओळीत आहे याचा नकाशा काढायचे काम माझ्याकडे दिले.

आता माझा कबुलीजबाब. मी नकाशा काढला नाही. मेव्हणीच्या लग्नाला जामनेरला जायचे होते, आल्यावर काढू म्हटले. निघताना तानी अक्काने मला बांधावर गाठले.

"भाऊ, हाऊ लाल दोरा कसाले बांधेल शे?"

मी घाईत होतो आणि चेष्टेच्या रंगात होतो. "साहेबांनी मरीला नवस बोललाय, अक्का," मी म्हटले. "एवढी झाडं जगू दे म्हणून."

चार दिवसांनी परत आलो तर मरीच्या वावरात उभ्या असलेल्या प्रत्येक झाडाला लाल दोरा होता. साठ-सत्तर झाडे असतील. चांगल्या धाग्याची, आखूड धाग्याची, सगळी एकसारखी सजली होती. दुसऱ्या वेचणीचा धागा तसाही आखूड येतो, त्यावरून पुन्हा पारख करता आली नसती. बी मिसळले असते तर सात वर्षांचे काम मातीत जाणार होते आणि ते वावरही बंद होणार होते.

नानासाहेब माझ्या आधीच तिथे पोचले होते. ते रागावले असते तर मला सोपे गेले असते. त्यांनी फक्त विचारले, "नकाशा?" काढलाच नाही, असे मी सांगितले. मग त्यांनी बायांना बोलावून घेतले.

अक्का पुढे झाली. तिचा चेहरा उजळला होता, काम चांगले केल्यासारखा. "एकला सायेबना नवसघाई काय व्हई?" ती म्हणाली. "बठ्ठासना हात लागाले पायजे. म्हनीसन आमी बठ्ठ्या बायासनी बांधं." एकट्या साहेबांच्या नवसाने भागणार नाही, सगळ्यांचा हात लागायला हवा, म्हणून सगळ्या बायांनी दोरे बांधले होते.

नानासाहेब धुळ्याकडच्या शेतकरी घरातले. बायांशी ते त्यांच्याच बोलीत बोलत. ते म्हणाले, "अक्का, तुमी बांधात ते बरंच करं. पन आते मना दोरा कोनता नि तुमना कोनता, हाई सांगा."

"वढी दखा," अक्का म्हणाली. "नवसनी गाठ सुटाले नको, म्हनीसन आमन्या गाठी पक्क्या शेतस. तुमनी गाठ म्हंजे बैलना दावानी. वढताच सुटी जाय."

आणि ते खरे होते. झाडाचा बुंधा वाढतो, घट्ट दोरा त्यात रुततो, म्हणून नानासाहेबांनी सुरगाठ मारली होती. नवस बोलणारी बाई मात्र निरगाठ मारते. सुटणारी गाठ देवीपुढे कोण बांधील? आम्ही ओळीने निघालो. अक्का दोऱ्याचे टोक ओढी, सुटला की नानासाहेब तिथे काठी रोवत. एक, दोन, पाच, आठ. आठावर थांबले. वावर संपले तरी नववी गाठ सुटेना. मी पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. तेवढ्यात मधूनच अक्काची हाक आली.

"सायेब, आठे दोन दोरा शेतस."

तिथल्या एका झाडावर तिने आपलाच दोरा नानासाहेबांच्या दोऱ्यावर बांधला होता. वरची निरगाठ तिने दातांनी सोडवली, खालची ओढली आणि ती अलगद सुटली. मी तिथेच मातीत बसलो. हसावे की रडावे ते कळेना, आणि खरे सांगायचे तर मी दोन्ही केले. नानासाहेबांनी काठी रोवली, धोतराच्या सोग्याने चष्मा पुसला आणि बायांना त्या दिवशी लवकर सुट्टी दिली.

बायांना हे नवसाचे कोणी सांगितले, असे त्यांनी तेव्हा विचारले होते. अक्काने माझ्याकडे पाहिले. तिने तोंड उघडायच्या आत ते म्हणाले, "जाऊ द्या, कामाला लागा." अहवालात त्यांनी लिहिले की खुणांमध्ये घोटाळा झाला होता, तो निस्तरला आणि त्याची जबाबदारी त्यांची स्वतःची आहे. माझे नाव कुठेच नव्हते. पुढच्याच वर्षी माझ्या पत्नीला विषमज्वर झाला, तेव्हा हेच नानासाहेब एकवीस दिवस माझ्या वाटणीची ओळमोजणी करत होते आणि रजेच्या अर्जावर 'काम अडलेले नाही' असे लिहीत होते. स्वतःच्या मुलीच्या लग्नात धरणगावाकडे जाताना वऱ्हाडाची गाडी थांबवून परक्याच्या वावरात मर बघायला उतरलेले तेही हेच. वऱ्हाड तासभर उन्हात. काकू, म्हणजे नानासाहेबांच्या पत्नी, अजून तो विषय काढतात.

त्या नऊ झाडांपैकी सात पुढच्या चाचण्यांत गळाली. दोन टिकली. आज धरणगावापासून धुळ्यापर्यंत ज्या वावरांत पुन्हा कापूस उभा आहे, त्यातल्या बऱ्याच ठिकाणी त्या दोहोंपैकी एकाचे बी आहे. ते नववेच झाड होते का, हे मी सांगणार नाही, नाहीतर वाचक म्हणतील की मी गोष्ट रचली.

हा लेख लिहायचे ठरल्यावर मी नानासाहेबांकडे गेलो आणि नवसाची चेष्टा माझीच होती, हे पहिल्यांदा त्यांना सांगितले. त्यांनी वर्तमानपत्रातून डोके वर काढले. "मला त्याच संध्याकाळी कळलं होतं," ते म्हणाले. "पण भास्करराव, तुमची चेष्टा नसती तर बायांनी ती झाडं इतकी जपली नसती. एकाही झाडाला त्यांनी गुरंढोरं शिवू दिली नाहीत." इतकी वर्षे छातीवर धरून ठेवलेले ओझे असे उतरले. घरी येताना मी सायकलवर शीळ घालत आलो, या वयात.

तानी अक्कालाही भेटून आलो. आता दिसत नाही तिला फारसे, पण कान शाबूत आहेत. मी काय लिहिणार ते तिने नीट ऐकून घेतले आणि लुगड्याच्या काठातून एक लाल दोरा ओढून माझ्या हातात दिला.

"सायेबले बांधा," ती म्हणाली. "पन तेसन्यासारखी गाठ नका मारू."

नानासाहेब, आपण शतायुषी व्हावे, आपले पाय असेच बांधाबांधावरून फिरत राहावेत आणि परक्यांच्या वावरांत शिरत राहावेत, ही आम्हा सर्वांची इच्छा. सत्काराच्या दिवशी आपल्या मनगटाला हा दोरा मी बांधणार आहे. आपल्याला सवय नाही, जरा रुतेल. पण या वेळी निरगाठच मारतो.