चिखलातून आलेला पाहुणा

फाल्गुनातली हवा लहरीच. पक्षी पाहायला पहाटे तळ्यावर गेलो तेव्हा अंगात स्वेटर होता, परतताना ऊन चटके देत होतं. बाबा गेल्यापासून आई गच्चीवरच्या कुंड्यांतच रमते. तिने माझ्या बुटांचा चिखल खरवडून मोगऱ्याला घातला. तळ्यातला गाळ वाया कसा घालवायचा?

पंधरा दिवसांनी मोगऱ्याच्या कुंडीत एक अनोळखी कोंब दिसला. एरवी तण दिसलं की उपटणारी आई थबकली.

"हे काय रे?"

"लांबून आलेल्या पाखरांच्या पायाला चिकटून आलं असेल बी. पाखरं गेली आता."

"मग राहू दे. एकटंच मागे राहिलंय बिचारं."

दुपारी ऊन तापलं, तेव्हा त्या कोंबावर बाबांची छत्री उघडून ठेवलेली होती.