न संपणारं स्वागत

दसऱ्याला लॅपटॉपवर झेंडूचं फूल ठेवलं की त्या वासासरशी मी झाशीच्या मानिक चौकातल्या कॉम्प्युटर क्लासमध्ये पोचते. त्या दिवशी उद्घाटन होतं. कॉम्प्युटरला हार, पाहुण्यांना त्याहून मोठा हार, आणि सगळ्यांच्या चपला दाराबाहेर.

क्लासचे सर म्हणाले होते, "प्रोग्राम ठीक चला तो बेटा, तू यहीं पढ़ाएगी." नाहीतर घरी लग्नाचं बघायला सुरुवात होणार होती.

मी सी भाषेत एक साधा लूप लिहिला होता. पडद्यावर पाच वेळा ‘स्वागत’ लिहून यावं आणि थांबावं. पाहुण्यांनी बटण दाबलं, पाच ओळी आल्या आणि पुढच्याही धावत सुटल्या. दर फेरीला आकडा एकाने वाढवायची ओळ मी विसरले होते, त्यामुळे मशीनच्या हिशेबी पाच कधी होणारच नव्हते. मी बंद करायला पुढे झाले.

"रहने दो बिटिया," पाहुणे खुर्चीत रेलले. "पूरा होने दो."

चहा झाला, भाषण झालं, फोटो निघाले. त्यांच्या पाठीमागे स्वागत चालूच होतं. सर कौतुकाने पाहत होते आणि माझी नजर बंद करायच्या बटणावर होती.

आज वाटतं, उगाच घाबरले. पाचावर थांबलं असतं, तरच त्यांना काहीतरी बिघडल्यासारखं वाटलं असतं.

सोमवारपासून मी तिथे शिकवू लागले.