मागची फळी

टाकीवाल्याचे कान गेलेत हे त्याला सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. बायको बोलण्याआधी त्याच्या खांद्याला हात लावायची, मुलगी फोनवर एकेक शब्द सुटा करून सांगायची, आणि हा मात्र म्हणायचा, हल्ली लोक तोंडातल्या तोंडात बोलतात. माणूस कामाला वाघ. पण कानांचा विषय निघाला की तिथून उठून जायचा.

तो आणि त्याचा थोरला भाऊ, दोघांनी मिळून एकाच कारखान्यात तीस वर्षं फायबरच्या पाण्याच्या टाक्या केल्या. टाकी तयार झाली की तपासायची त्यांची एक रीत होती. एकानं आत उतरून बसायचं, दुसऱ्यानं बाहेरून नाण्यानं ठोकत फिरायचं. थर नीट चिकटला असेल तर खणखणीत आवाज येतो, मध्ये पोकळी राहिली असेल तर बद्द. आत बसलेला बोलला तर नुसतं घुमतं, शब्द काही कळत नाही, म्हणून तो ठोकूनच उत्तर द्यायचा. एक ठोका म्हणजे ठीक. दोन म्हणजे बाद, तेवढा भाग फोडून पुन्हा कर. दिवसाआड दोघं जागा बदलत. या एका आणि दोनावर त्यांचं इतकं जमलं होतं की दिवस दिवस दोघांत शब्दाची देवाणघेवाण होत नसे, आणि गरजही भासत नसे.

मग धाकट्यानं आत बसून पास केलेल्या दोन टाक्या लागोपाठ तडकून परत आल्या. दादानं मालकाला सांगितलं, "याचे कान गेलेत ग्राइंडरच्या आवाजानं. याला तपासणीला बसवू नका." खोटं काहीच नव्हतं. पण ते चारचौघांसमोर सांगितलं. टाकीवाल्याला दुसऱ्या दिवशीपासून थरांसाठीचं काचेचं कापड कापायला बसवलं, आणि त्या दिवसापासून त्यानं दादाचं नाव टाकलं. एका गावात राहून नऊ वर्षं.

त्या भांडणात एक बोट अडकली. दोघांनी मिळून घेतलेली, फायबरची, मागे इंजिन लावायची. सुट्टीच्या दिवशी धरणाच्या पाण्यात दोघं ती घेऊन जात. दादा इंजिनाशी, हा पुढे पाय पसरून. भांडणानंतर ती दादाच्या घरामागे ताडपत्रीखाली पडून राहिली. एकट्यानं पाण्यात न्यायची दादाला इच्छा झाली नाही, आणि हा तर त्या गल्लीतूनही जायचा नाही.

दादाला झटका आला आणि उजवं अंग गेलं, वाचाही गेली, तेव्हा वहिनीनं निरोप धाडला. हा गेला. दादा मागच्या खोलीत खिडकीशी पलंगावर होता. यानं त्याचा हात धरला, पण नऊ वर्षांपूर्वीचं कुठून आणि कसं बोलायचं ते त्याला जमेना. डॉक्टरांनी वहिनीला सांगून ठेवलं होतं की दुसरा झटका आला तर काही खरं नाही. दादा खिडकीबाहेर बघत होता. बोटीची मागची बाजू खिडकीपासून दोन हातांवर होती.

"बोट नीट करतो," टाकीवाला म्हणाला. "तुला एकदा पाण्यात नेतो."

माफी मागायचा त्याला हाच एक मार्ग ठाऊक होता.

दुसऱ्याच दिवशी तो हत्यारं घेऊन हजर झाला. ताडपत्रीचे हातात तुकडेच आले. आत कुजलेल्या पानांचा लगदा, सीटच्या स्पंजात उंदरांचा संसार, तळाला हिरवं पाणी. ते सगळं उपसून त्यानं जुना रंग खरवडला, चिरा रुंद केल्या, नवं काचेचं कापड कापून रेझिननं थरावर थर बसवले. अंगभर खाज आणि नाकात रेझिनचा वास घेऊन रोज घरी जायचा. बायको म्हणाली, "या वयात कशाला जिवाचं रान करताय?" हा ऐकू न आल्यासारखा जेवत राहिला. कदाचित खरंच ऐकू आलं नसेल.

प्रत्येक जागा तो नाण्यानं ठोकून बघत होता. जिच्यावर इंजिन टांगतात ती मागची फळी त्यानं तीनतीनदा ठोकली. बाहेरून फायबर, आत लाकूड. त्याला सगळीकडे सारखाच आवाज आला आणि सारखा आला म्हणून तो खूश झाला.

चौथ्या दिवशी वहिनी बाहेर आली. जवळ येऊन मोठ्यानं म्हणाली, "भावजी, तुम्ही इथं मागं ठोकायला लागलात की हे चमचा आपटतात पलंगाच्या दांडीवर. त्रास होतो बहुतेक."

टाकीवाल्यानं खिडकीत पाहिलं. दादाचा डावा हात हलत होता, चेहरा लाल झाला होता. म्हणजे अजून राग आहे. तरी त्यानं काम सोडलं नाही. फळीवर नवे थर चढवले, दादाला आवडायचा तसा पांढरा रंग दिला आणि त्यावर निळा पट्टा ओढला.

महिन्याभरात बोट नव्यासारखी झाली. सकाळी चाकाच्या खुर्चीवरून दादाला मागच्या अंगणात आणलं. बोट धरणावर न्यायला टेम्पो दारात उभा होता. बोटीच्या मागे येताच दादानं मांडीवरचा चमचा उचलला आणि नव्या रंगावर आपटायला सुरुवात केली. थांबायचा, याच्याकडे बघायचा, पुन्हा आपटायचा. रंगाचे टवके उडाले. तोंडातून नुसता घशाचा आवाज.

"नऊ वर्षं झाली, दादा," टाकीवाला म्हणाला. "अजून तेच?"

त्यानं टेम्पो परत पाठवला, बोटीवर नवी ताडपत्री ओढली आणि निघून गेला. वहिनीनं दोनदा बोलावणं पाठवलं. गेला नाही. सात आठवड्यांनी दुसरा झटका आला आणि दादा गेला.

महिन्यानंतर वहिनी म्हणाली, ही बोट रोज डोळ्यांसमोर नको, कुणाला तरी देऊन टाका. टाकीवाल्यानं धरणावरच्या इंजिनवाल्याला आणलं. त्यानं स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ठोकत बोटीला चक्कर मारली. मागच्या फळीशी थांबला, पुन्हा ठोकलं.

"काका, ही आतून गेलीय."

"ठणठणीत आहे. मी तपासलीय."

इंजिनवाला वाद घालत बसला नाही. त्यानं फळीत एक बारीक भोक पाडलं. आधी तपकिरी पाणी ओघळलं, मग काळा, ओला भुसा. "आत लाकूड नाहीच, नुसता चिखल आहे. इंजिन जोरात फिरवलं असतं तर फळीसकट तुटून गेलं असतं, आणि बोट मागून भरली असती. एवढं ढबढब वाजतंय, ऐकू आलं नाही तुम्हाला?"

टाकीवाला खाली बसला. रंगावर चमच्याचे खळगे तसेच होते. त्यावरून त्यानं हात फिरवला. दोन खळगे, मग मोकळी जागा. पुन्हा दोन. पुन्हा दोन.

"वहिनी," त्यानं विचारलं, "पलंगावर तो किती वेळा वाजवायचा?"

"दोनदा," वहिनी त्याच्या कानाशी वाकून म्हणाली. "थोडं थांबून परत दोनदा. दिवसभर तेच. का हो?"

दादा त्याला फोडून पुन्हा कर म्हणत होता. महिनाभर सांगत होता, आणि यानं तो राग समजून त्याला एकटं मरू दिलं.

तो फळीकडे बघतच म्हणाला, "मला ऐकू येत नाही, वहिनी."

"त्यांना ठाऊक होतं, भावजी," ती म्हणाली. पण त्याची पाठ तिच्याकडे होती, त्यामुळे तेही त्याला ऐकू गेलं नाही.